गुडघ्याची किंमत

यंत्रमागात सापडून कामगाराचा अंगठा गेला, तर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात त्याचा हिशेब मांडलेला होता : कमावण्याची शक्ती शेकडा ३० ने घटली. असे हिशेब मांडण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. शाळा लवकर सुटली; कायद्याची भाषा शिकलो ती अशा परिशिष्टांवरच. तेव्हा ऑस्ट्रेलियातील फुटबॉलच्या हकीकती वाचताना आमची नजर गोलांपेक्षा गुडघ्यांवर खिळली, यात नवल नाही.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. त्याचे पहिले नियम मेलबर्न शहरात १८५९ साली लिहिले गेले. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल आणि प्रत्येक बाजूस १८ गडी. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने धाडला की गोल, त्याचे गुण ६. शेजारच्या फटीतून गेला तर १. लांबून आलेला चेंडू अधांतरी झेलणाऱ्यास पुढची लाथ निर्वेध मारता येते. म्हणून गडी प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर, खांद्यावर गुडघा रोवून वर झेपावतात. प्रेक्षक खूश होतात ते या झेपेवर. पण उतरताना सगळ्या अंगाचा भार एखाद्या वाकड्या पडलेल्या पायावर येतो.

या झेपेचा राजा म्हणजे एसेंडन संघाचा जॉन कोलमन. १९४९ साली पहिल्याच सामन्यात त्याने १२ गोल केले आणि त्याच मोसमात १०० पुरे केले. १९५४ साली फिट्झरॉयविरुद्ध एका सामन्यात १४ गोल केले. पुढच्याच सामन्यात तो पडला आणि गुडघा निखळला. वय अवघे पंचवीस. परतण्याची धडपड त्याने केली, पण त्या काळची शस्त्रक्रिया त्याला पुन्हा उभे करू शकली नाही. ९८ सामने, ५३७ गोल, एवढ्यावर खाते बंद झाले. आज सर्वाधिक गोल करणाऱ्यास मिळणारे पदक त्याच्या नावाचे आहे. तो मात्र पुढे मद्यगृहे चालवून राहिला, एसेंडनचा प्रशिक्षक म्हणून १९६२ व १९६५ ची अजिंक्यपदे मिळवून दिली, आणि १९७३ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला.

आता मोबदल्याचे पाहू. लीगने १९३० साली नियमच केला की एका सामन्याचे मानधन ३ पौंडांहून अधिक द्यायचे नाही. पुढे आकडा थोडाफार वाढला, तरी कोलमनच्या काळातही मर्यादा होतीच. गर्दी खेचणारा गुडघा त्याचा; पण त्याचा भाव ठरवण्यात त्याला शब्द नव्हता. (१९३५ च्या अंतिम सामन्याआधी दोन दिवस बॉब प्रॅट या नामांकित खेळाडूस विटांच्या लॉरीची धडक बसली व तो सामन्याला मुकला. तो अपघात रस्त्यावरचा, म्हणून बाजूला ठेवू.)

नील साक्सी याची हकीकत याहून कठीण. दक्षिण ऑस्ट्रेलियात नाव कमावून तो १९७५ साली फुटस्क्रेकडून खेळू लागला. लीगमधील त्याचा तो दुसराच सामना. धडकेत मानेला इजा झाली आणि चोविशीतल्या त्या तरुणाचे हातपाय कायमचे गेले. ज्याच्याशी धडक झाली त्यास त्याने दोष दिला नाही. पुढची पंचेचाळीस वर्षे चाकांच्या खुर्चीत काढली आणि मज्जारज्जूच्या संशोधनासाठी पैसा उभा केला. २०२० साली तो गेला.

यावर आपल्याकडचा कोणीही विचारील, भरपाईचा कायदा नाही का? आहे. पण व्हिक्टोरिया राज्याचा कायदा व्यावसायिक खेळाडूला खेळातील इजेपुरता कामगारच मानत नाही. धोका पत्करूनच तो मैदानात उतरतो, हा युक्तिवाद. खाणकामगारही धोका पत्करूनच खाली उतरतो; हे उत्तर आम्ही पुष्कळ मालकांना दिलेले आहे. खेळाडूंनी १९७३ साली आपली संघटना काढली. आज इजेबद्दल जे मिळते ते मुख्यतः तिने लीगशी केलेल्या करारांतून. २०१७ च्या करारात इजाग्रस्तांसाठी वेगळा निधीही आला.

त्याच २०१७ साली स्त्रियांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. सैन्यात वैद्यकीय साहाय्यकाचे काम करणारी हेदर अँडरसन अॅडलेडकडून खेळली. दृष्टी अधू असलेल्या आईला लेक ओळखू यावी म्हणून ती भडक गुलाबी शिरस्त्राण घाली. संघ जिंकला, पण अंतिम सामन्यात तिचा खांदा निखळला आणि लीगमधला तिचा खेळ त्या एका मोसमावरच थांबला. २०२२ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. तपासणीत तिच्या मेंदूला डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा आजार आढळला. तो निश्चितपणे ओळखता येतो तो मृत्यूनंतरच. आमच्या परिचयाच्या परिशिष्टात अंगठा होता, डोळा होता, पायाचे बोटही होते. अशा इजेचा दावा कामगाराने आपल्या हयातीत कसा मांडावा, याचा विचार आम्ही सध्या करीत आहोत.