फाट्यावरची धूळ

पहूरचा फाटा नव्याने कसा बांधावा हे कळायला आधी तिथली धूळ पाहावी. जळगाव–छत्रपती संभाजीनगर महामार्गाला इथे जामनेरचा रस्ता मिळतो. ट्रकची चाकं जिथून जातात तिथलं डांबर काळंभोर दिसतं, आणि जिथून कुणीच जात नाही तिथे मातीचा थर साचतो. वळणाच्या कोपऱ्यात, दोन वाटांमधल्या त्रिकोणात तो चांगला जाड असतो. वाहनांना तेवढी रुंदी लागतच नाही. ती पायी माणसाला देता येते.

आज कोपरा पसरट असल्याने वळणारा ब्रेक न लावताच वळतो. काळी-पिवळी नेमकी तोंडावर थांबते. तिच्या आडून शाळेची पोरं रस्त्यावर येतात, ती मागून येणाऱ्याला अगदी जवळ आल्यावर दिसतात. ताशी ६० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. भान येऊन पाय ब्रेकवर पडायला अडीच सेकंद धरले, तरी ४० मीटरांहून जास्त अंतर गेलेलं असतं. ‘आपणच पळायचं, भाऊ,’ शेजारचे म्हातारबाबा म्हणाले. हातात काठी होती. पाचोरा–जामनेर छोटी रेल्वेगाडी, सगळ्यांची पीजे, २०२० मध्ये थांबली. तिचे प्रवासीही आता याच रस्त्यावर आहेत.

तीन रस्ते मिळतात तिथे वाहनांच्या वाटा नऊ ठिकाणी एकमेकींना भिडतात, चार रस्त्यांच्या चौकात बत्तीस ठिकाणी. चौक गोल केला की ही बत्तीस ठिकाणं आठवर येतात, म्हणून सर्कलची मागणी लगेच होते. पण कंटेनर फिरेल एवढं सर्कल गावात बसवायचं तर दुकानं पाडावी लागतात. त्याआधी कोपरा आवळावा आणि मधोमध थांबायला बेट द्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

मुंबईत मालाडच्या मीठ चौकीवर बॅरिकेड आणि शंकू ठेवून बदल आधी आजमावला गेला. इथे चुन्याची फक्की आणि वाळूची पोती पुरतील. रेघ मारावी, एसटी वळू द्यावी, कापसाची ट्रॉली वळू द्यावी. मागचं चाक रेघेवर चढलं तर रेघ वीतभर मागे घ्यावी. सगळ्या गाड्या सुखरूप वळल्या की मगच दगड बसवावा.

गाड्यांचा थांबा फाट्यापासून पुढे न्यावाच लागेल. त्याने चहावाल्याचं, फळवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं. त्यांना आधी विचारून नव्या थांब्याजवळ त्यांचीही जागा आखली नाही, तर आठवडाभरात काळी-पिवळी पुन्हा तोंडावर उभी राहील.