70 बॅगा अंगावर पडल्या, तेव्हा मी स्क्रम शिकलो



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चमध्ये मी एकट्याने बसून शाळेच्या सीझनचा प्लॅन केला. बीबीए झालेलं, त्यामुळे एक्सेलमध्ये तक्ता एकदम झकास. एकाच प्रकारच्या 120 बॅगा होलसेलमध्ये उचलल्या. ऐन जूनमध्ये वह्या भरायला हातात पैसा नव्हता, तो माल उधारीवर आणला. सीझन संपला तेव्हा 70 बॅगा माळ्यावर पडून होत्या.

चूक मार्चमध्ये झाली आणि मला ती जुलैमध्ये कळली. हे मधले चार महिने महागात पडले. स्क्रमचा सगळा खेळ हे अंतर कमी करण्याचा आहे.

स्क्रम आलं कुठून?

स्क्रम हा रग्बीतला शब्द. दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना घट्ट धरून चेंडूसाठी रेटारेटी करतात, ते स्क्रम. आपल्याला कबड्डीतली साखळी आठवा, म्हणजे लगेच समजेल. 1986 मध्ये ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी लिहिलं की नवीन वस्तू बनवणाऱ्या टीमने रिले शर्यतीसारखं एकाने दुसऱ्याच्या हातात काम देत बसू नये, रग्बीसारखं सगळ्यांनी मिळून पुढे सरकावं. पुढे केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी सॉफ्टवेअरच्या कामासाठी याची पद्धत बसवली आणि 1995 मध्ये ती जगासमोर मांडली. आज पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या गावच्या पोरांना विचारा, त्यांना हा शब्द पाठ असतो.

मग पहूरच्या दुकानात याचं काय काम?

पुढच्या सीझनला आम्ही चौघांनी ते करून पाहिलं. मी, मिसेस, धाकटा भाऊ आणि दुकानात कामाला असलेला, बारावी झालेला मुलगा.

जबाबदाऱ्या तीन. प्रॉडक्ट ओनर ठरवतो की आधी कोणतं काम केलं तर जास्त फायदा. ते मी. स्क्रम मास्टर पद्धत नीट चालते का बघतो आणि टीमच्या अडचणी दूर करतो. तो साहेब नसतो. ते काम मिसेसकडे दिलं, कारण मला मध्येच थांबवू शकणारी घरात ती एकटीच! प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना डेव्हलपर म्हणतात. ते आम्ही सगळेच.

याद्या दोन. करायच्या सगळ्या कामांची क्रमवार यादी म्हणजे प्रॉडक्ट बॅकलॉग. त्यातून या खेपेला उचललेली कामं आणि ती कशी करायची ते, म्हणजे स्प्रिंट बॅकलॉग. आम्ही काउंटरमागे भिंतीवर चिठ्ठ्या लावल्या. काम काय चाललंय ते सगळ्यांना दिसलं पाहिजे.

स्प्रिंट एक. स्प्रिंट म्हणजे ठरलेली मुदत, जास्तीत जास्त एक महिना. आम्ही दोन आठवडे धरले. सुरुवातीला प्लॅनिंग: हे का करायचं, काय करायचं, कसं करायचं. पहिलं ध्येय छोटं ठेवलं: पाचवीच्या वह्यांचं तयार किट बनवून 15 घरांना विकायचं. स्प्रिंटच्या शेवटी अर्धवट काम चालत नाही, वापरता येईल अशी वस्तू हातात पाहिजे. तिला इन्क्रिमेंट म्हणतात. 'झालं' म्हणजे नक्की काय, हेही आधीच लिहून ठेवायचं. आमचं होतं: वह्या मोजल्या, किंमत लावली, पिशवी बांधली.

रोज 15 मिनिटं. याला डेली स्क्रम म्हणतात. शटर उघडून झाडझूड झाली की आम्ही उभ्या उभ्या बोलायचो: ध्येयाकडे सरकतोय का? कुठे अडलंय? तिसऱ्याच दिवशी तो मुलगा म्हणाला, "लोकं वह्यांना कव्हर चढवून मागताय." त्याच दिवशी आमच्या 'झालं'च्या यादीत कव्हर आलं. जुलैची वाट पाहिली नाही.

शेवटी दोन बैठका. रिव्ह्यूमध्ये तयार वस्तू गिऱ्हाइकाला दाखवून पुढचं ठरवायचं. आम्ही चार-पाच पालकांना चहाला बोलावलं. मग रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आपण काम कसं केलं याचा टीमने आपसात घेतलेला हिशेब.

खरी गोष्ट इथे कळली

रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये भाऊ खाली बघत बोलला, "मागच्या वर्षी त्या बॅगा चालणार नाही, हे मला मार्चमध्येच माहीत होतं."

"मग बोलला का नाही?"

"भाऊ, तू सगळ्यांसमोर चिडतो ना, म्हणून."

मित्रांनो, मी गप्प बसलो. माहिती दुकानातच होती. तिला बाहेर यायला रस्ता नव्हता, आणि तो रस्ता मीच अडवला होता. स्क्रममध्ये पाच मूल्यं सांगितली आहेत: बांधिलकी, एकाग्रता, मोकळेपणा, आदर आणि धैर्य. मला आधी ती पुस्तकी वाटायची. आता वाटत नाहीत.

कुठे वापरू नका

रोजचा गल्ला, ठरलेली उधारी-वसुली याला स्क्रम लागत नाही. जिथे काय चालेल हे आधी कळत नाही, तिथे ते कामाचं: नवीन प्रॉडक्ट, नवीन शाखा, ऑनलाइन ऑर्डर. आणि नुसती रोजची 15 मिनिटं उचलली तर ती चांगली सवय झाली, स्क्रम नाही. 2020 च्या स्क्रम गाइडमध्येही हे स्पष्ट लिहिलंय.

तुमचा गृहपाठ

एक नवीन काम निवडा. दोन आठवडे ठरवा. भिंतीवर चिठ्ठ्या लावा. शेवटच्या दिवशी टीमला एवढंच विचारा: "मला काय सांगायचं राहिलंय?"

आणि उत्तर कडू लागलं तरी चिडू नका. माझ्या माळ्यावर अजून 11 बॅगा आहेत. रोज दिसतात, म्हणून लक्षात राहतं.