ऑनलाइन मित्रांना घेऊन कॅम्पला जाताना

मी महूहून बोलतोय. फौजेत तीसेक वर्षं काढली, त्यातली बरीचशी तंबूत. त्यामुळे आमच्या ऑनलाइन वाचनगटाने "दोन दिवस कुठेतरी तंबूत राहू या" असं ठरवलं, तेव्हा सगळी जबाबदारी आपोआप माझ्या गळ्यात पडली. मीही खुशीत घेतली. म्हटलं, अख्खी कंपनी हलवलेल्या माणसाला चौदा वाचक म्हणजे काय! हा गैरसमज होता, आणि तो दोघांच्या जिवावर बेतता बेतता राहिला. तो प्रसंग पुढे सांगतो. आधी तयारीचं बोलू, कारण असे गट आता गावोगावी आहेत आणि प्रत्येक गटात कधी ना कधी हा विषय निघतोच.

आमचा गट 2020 च्या लॉकडाउनमध्ये जमला. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओवर भेटायचं, एका पुस्तकावर बोलायचं. कोणी इंदूरचं, कोणी बडोद्याचं, कोणी हैदराबाद, बेळगाव, ठाणे. वयं अठ्ठावीसपासून एकाहत्तरपर्यंत. तीन वर्षांत कोणाला कोणती कादंबरी आवडत नाही हे पाठ झालं होतं. पण कोणाला इन्सुलिन घ्यावं लागतं, हे माहीत नव्हतं. ऑनलाइन मैत्रीत माणसाची मतं कळतात. त्याची झोप, पथ्य, गुडघे, भीती यांतलं काही कळत नाही. तंबूत मात्र नेमक्या याच गोष्टी सोबत येतात.

होकार कोणाचा धरायचा

मी गटावर विचारलं, तेव्हा बावीस जणांनी अंगठा दाखवला. अंगठ्याला होकार समजू नका. मी तारीख आणि माणशी रक्कम कळवली आणि सांगितलं की अर्धे पैसे भरले की नाव पक्कं. चौदा नावं उरली. हिशेबाची वही मी एकाकडे आणि पैसे दुसऱ्याकडे ठेवले. दोन्ही एकाच माणसाकडे असू नयेत. त्यात अविश्वास नाही, उलट मैत्री टिकते.

गटातल्या महिला सदस्यांच्या घरच्यांना काळजी वाटणं साहजिक आहे. "अहो, तीन वर्षांची ओळख आहे" एवढ्यावर भागत नाही. चौघींनी आपापसात ठरवून शेजारशेजारचे दोन तंबू घेतले. सगळ्यांची पूर्ण नावं, पत्ते आणि घरच्या एका माणसाचा नंबर अशी यादी केली, ती प्रत्येकाच्या घरी पोचवली. विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो कुठेही टाकायचा नाही, हेही आधीच ठरलं. दारूचा प्रश्नही निघण्यापूर्वीच मिटवला: नाही म्हणजे नाही.

जागा

सगळ्यांना सारखाच प्रवास पडेल अशी जागा शोधताना बोट नाशिकवर थांबलं. इंदूर-महूकडून आग्रा-मुंबई महामार्ग थेट तिथे जातो, अंतर सुमारे 400 किलोमीटर. हैदराबादकरांना देवगिरी एक्स्प्रेस नाशिक रोडला उतरवते. बडोद्याहून सुरत-सापुतारा रस्ता आहे. बेळगावकर पुण्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे संगमनेर-अकोले मार्गे. म्हणून भंडारदरा ठरलं. प्रवरा नदीवर विल्सन धरण, त्यामागचा जलाशय, काठाने रतनवाडीपर्यंत जाणारा रस्ता, तिथलं अमृतेश्वराचं मंदिर आणि वर रतनगड. तंबू भाड्याने देणारी, घरचं जेवण करून वाढणारी स्थानिक कुटुंबंही तिथे आहेत. डिसेंबरमधला अमावस्येजवळचा शनिवार निवडला, म्हणजे आकाश तारे दाखवेल.

महिनाभर आधी मी स्वतः जाऊन आलो. याला आम्ही रेकी म्हणतो. ती दिवसा करून भागत नाही, एक रात्र तिथे काढायला हवी. रात्री वारा कुठून येतो, स्वच्छतागृह तंबूपासून किती पावलांवर आहे, वाटेत दिवा आहे का, कोणत्या कंपनीचा फोन लागतो, हे मुक्काम केल्यावरच कळतं. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, त्यामुळे वनखात्याचे नियम आणि प्रवेशशुल्क यांचीही चौकशी केली. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिलं, गाडीने किती मिनिटं लागतात ते घड्याळावर मोजलं. 112 हा नंबर देशभर चालतो, पण फोनच लागत नसेल तर गावातली एखादी गाडी आणि तिचा चालक ठाऊक असावा लागतो. पाण्यात उतरायचं नाही, हा नियमही तेव्हाच केला. धरणाच्या जलाशयाचा काठ सरळ खोल जातो, पोहणाराही फसतो.

सामान

यादी मोठी करू नका. प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी, शक्यतो डोक्याला बांधायची. औषधं दोन दिवसांऐवजी चार दिवसांची, आणि एक प्रत सोबतच्या माणसाकडे. कानटोपी, दोन जोड कोरडे मोजे. आणि सर्वांत महत्त्वाचं: अंगाखाली काय घालणार? लोक पांघरुणं दोन आणतात आणि खाली नुसती चादर टाकतात. थंडी जमिनीतून येते. खाली फोमची चटई, त्यावर सतरंजी किंवा घोंगडी हवी. हा भाताचा मुलूख आहे, तंबूच्या तळाशी कोरडा पेंढा अंथरला तर फार फरक पडतो.

त्या रात्री काय झालं

एवढं सगळं केलं. आता माझी चूक ऐका. निघण्याआधी गटावर कोणीतरी विचारलं, "थंडी किती असेल?" मी ऐटीत लिहिलं, "मी काश्मीरमध्ये हिवाळे काढलेत, ही कसली थंडी!" पाच-सात जणांनी हसण्याची चिन्हं टाकली आणि विषय संपला.

पहिल्या रात्री जेवणं झाली, गप्पा झाल्या, अकरा वाजता सगळे आपापल्या तंबूत गेले. साडेबाराला मी सवयीने फेरी मारली. कडेच्या एका तंबूच्या कापडातून मंद लालसर उजेड दिसला. बॅटरीचा उजेड तसा नसतो. हाक मारली, उत्तर नाही. चेन उघडली, तर आत कणसं भाजायची शेगडी, कोळसे फुललेले, आणि दोघं झोपलेले. एक हैदराबादचे, वय अडुसष्ट. दुसरा ठाण्याचा तरुण मुलगा. दोघांनाही ओढून बाहेर काढलं. मुलगा जागा झाला आणि उलटी केली. काकांना हलवावं लागलं; डोकं फार दुखतंय एवढंच ते कसंबसं बोलले. गावातली गाडी वीस मिनिटांत आली. रुग्णालयात डॉक्टरांनी दोघांना ऑक्सिजन लावला. सकाळपर्यंत दोघं बरे झाले. आणखी तासभर मी आलो नसतो तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतं, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं अजिबात नाही. म्हणून तंबूत, बंद खोलीत, गाडीत शेगडी, निखारे किंवा स्टोव्ह नेऊ नका. फौजेत हे आम्हाला पहिल्याच हिवाळ्यात बजावलं जातं. मला ते इतकं ठाऊक होतं, की इतरांना सांगायला हवं हे सुचलंच नाही.

सकाळी चहा पिताना मी काकांना विचारलं, "थंडी वाजत होती तर मला का नाही उठवलंत?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कर्नलसाहेब, तुम्ही काश्मीरचं लिहिलं होतंत ना. गटात सगळे मला धीट समजतात. तुमच्यासमोर कुडकुडतोय म्हणायला लाज वाटली."

मंडळी, ती शेगडी काकांनी आत नेली खरी, पण तिथवर त्यांना माझ्या त्या एका ओळीने नेलं होतं.

आता आम्ही काय करतो

त्यानंतर आमचे आणखी दोन कॅम्प झाले. आता निघण्याआधी मी प्रत्येकाला स्वतंत्र फोन करतो. गटावर विचारत नाही, कारण तिथे सगळे शूर असतात. पाच प्रश्न: औषधं कोणती? रात्री किती वेळा उठावं लागतं? थंडी, उंची, अंधार, कशाचा त्रास होतो? घोरता का? आणि काही जमणार नसेल तर ते कोणाला सांगाल? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून जोड्या लावतो. फौजेत त्याला बडी म्हणतात. झोपण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला विचारायचं, "पांघरूण पुरतंय ना?" शेगडी आणि चूल रात्री पाणी ओतून विझवायची, आणि ती विझली हे दोघांनी पाहायचं.

आणि सुरुवात माझ्यापासून होते. पहिल्याच संध्याकाळी मी सगळ्यांसमोर सांगतो, "मला आता थंडी सोसत नाही, दोन स्वेटर घातलेत, रात्री तीनदा उठतो." लोक हसतात. मग एकेक जण आपलंही सांगू लागतो. काका दोन्ही कॅम्पला आले होते. येताना तीन घोंगड्या घेऊन येतात आणि त्यातली एक माझ्यासाठी असते.

तुमचा गट निघणार असेल तर जरूर जा. फक्त जाण्याआधी प्रत्येकाला एक फोन करा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.