दोरी सरळ का राहत नाही?

गोष्ट घरातलीच आहे. टाकीतून पाणी काढायला आमच्याकडे एक काथ्याची दोरी होती. १५ लिटरची भरलेली बादली ती रोज बिनतक्रार उचलत असे. एका पावसाळ्यात तीच दोरी आम्ही पडवीच्या दोन खांबांना कपडे वाळत घालण्यासाठी बांधली. लोंबणारी दोरी बरी दिसत नाही, म्हणून दोघांनी मिळून ती चांगली ताणली. मग तिच्या मधोमध एक ओली गोधडी टाकली आणि दोरी तुटली. गोधडीचे वजन फार तर ६ किलो. १५ किलो पेलणारी दोरी ६ किलोला कशी तुटली?

वर्गात हा प्रश्न विचारला की मुले म्हणतात, 'दोरी कुजली असेल.' मग फळ्यावर दोन खांब, दोरी आणि मधोमध वजन अशी आकृती काढावी आणि दोरीच्या प्रत्येक बाजूला ताण किती, ते विचारावे. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : निम्मा, म्हणजे ३ किलो. या उत्तराला हसू नये. साखर किंवा पैसे वाटायचे असते, तर ते बरोबरच ठरले असते. पण बलाला परिमाणाबरोबर दिशाही असते. ती सदिश राशी आहे. आणि दिशा हिशेबात घेतली की वाटणीचे साधे नियम चालत नाहीत.

हे सांगण्यापेक्षा करून दाखवणे सोपे आहे. दोन ताणकाटे, थोडा दोरा आणि वाण्याकडचे २०० ग्रॅमचे वजन एवढे साहित्य पुरे. वजनाला दोन दोरे बांधा, प्रत्येक दोरा एकेका काट्याला अडकवा आणि काटे दोन विद्यार्थ्यांच्या हातात द्या. प्रथम दोन्ही दोरे शेजारी शेजारी, उभे धरायचे. प्रत्येक काटा १०० ग्रॅम दाखवील. मुलांचे उत्तर इथे बरोबर आहे.

आता दोघांनी हळूहळू एकमेकांपासून दूर जायचे. दोन दोऱ्यांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक काटा सुमारे २०० ग्रॅम दाखवतो. इथे थांबा. दोन काट्यांची बेरीज ४००, आणि वजन तर २०० ग्रॅमच. वरचे २०० गेले कुठे? हा प्रश्न मुलांना थोडा वेळ छळू द्यावा, उत्तराची घाई करू नये. कोन १६० अंशांपर्यंत नेला, तर प्रत्येक काटा पावणेसहाशेच्या जवळपास जातो. (काटा तिरपा धरला की त्याच्या स्वतःच्या वजनामुळे शून्य थोडे सरकते. त्या स्थितीतले शून्य आधी पाहून घ्यावे.)

उत्तर रस्सीखेचीत आहे. तिरप्या दोऱ्याच्या ओढीचे दोन घटक पाडता येतात. एक उभा, वर ओढणारा. दुसरा आडवा, बाजूला ओढणारा. दोन दोऱ्यांचे आडवे घटक समान आणि परस्परविरुद्ध असतात. दोन तुल्यबळ संघांनी ओढलेला दोर जागचा हलत नाही, म्हणून कोणी ओढतच नाही असे आपण म्हणत नाही. तसेच इथे आहे. आडवी ओढ एकमेकींना निष्फळ करण्यात खर्ची पडते. वजन पेलतात ते फक्त उभे घटक, आणि त्यांची बेरीज प्रत्येक वेळी २०० ग्रॅमच येते. समतोल म्हणजे बलांचा अभाव नव्हे. समतोल म्हणजे सर्व बलांची सदिश बेरीज शून्य.

ही बेरीज कागदावर काढून पाहावी. ५० ग्रॅमला १ सेंटिमीटर असे प्रमाण घ्या. १२० अंशांच्या वेळची तिन्ही बले, म्हणजे दोन दोऱ्यांचे ताण आणि वजन, ४ सेंटिमीटरच्या तीन बाणांनी दाखवा. दिशा न बदलता एका बाणाच्या टोकाला पुढचा बाण जोडत गेले, की तिसऱ्याचे टोक पहिल्याच्या सुरुवातीला येऊन मिळते. समभुज त्रिकोण तयार होतो. त्रिकोण बंद झाला, तर समतोल. उघडा राहिला, तर वस्तू हलणार.

मुलांना हे चटकन उमगले नाही, तर निराश होऊ नये. तरफेचा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केला. बलांचा समांतरभुज चौकोन मात्र न्यूटन आणि फ्रेंच गणिती व्हारिन्यों यांनी आपापल्या ग्रंथांत मांडला तो १६८७ साली. त्याआधी शंभर वर्षे, १५८६ मध्ये, सायमन स्टेव्हिनने उतारावरील वजनांचा समतोल साखळीच्या साहाय्याने उलगडला होता. मधली शतके माणसाने तिरप्या बलांशी झगडण्यात घालवली आहेत.

आता आमच्या दोरीकडे वळू. खांबांतले अंतर ४ मीटर, गोधडी टाकल्यावर मधला झोळ १० सेंटिमीटर धरू. दोरीचा प्रत्येक अर्धा भाग सुमारे २ मीटर, म्हणजे झोळाच्या २० पट. दोरीचा त्रिकोण आणि बलांचा त्रिकोण समरूप असल्यामुळे ताणही त्याच्या उभ्या घटकाच्या २० पट. उभा घटक ३ किलो, तेव्हा ताण ६० किलो वजनाइतका! गोधडी पसरलेली असल्यामुळे प्रत्यक्षात तो काहीसा कमी असेल. तरी बादलीच्या १५ किलोच्या मानाने तो फारच जास्त. झोळ ५० सेंटिमीटर ठेवला असता, तर ताण साधारण १२ किलोवर आला असता. दोरी कुजली नव्हती. आमचा टापटिपीचा हट्ट तिला नडला.

झोळ जितका कमी, तितका ताण अधिक. झोळ शून्य झाला, तर उभा घटकच उरत नाही, मग वजन पेलणार कोण? म्हणून मधे वजन असलेली दोरी, कितीही जोर लावला तरी, पूर्ण सरळ करता येत नाही. विजेच्या तारांना स्वतःचे वजन असते, म्हणून खांबांमध्ये त्यांना मुद्दाम झोळ दिलेला असतो. थंडीत तार आकसते, झोळ कमी होतो आणि ताण वाढतो. त्याचीही तरतूद आधीच करावी लागते.

हाच नियम उपयोगीही पडतो. चिखलात रुतलेली जीप आणि समोरचे झाड यांमध्ये १० मीटरचा मजबूत दोर घट्ट बांधा आणि मध्यभागी दोराला आडवे ढकला. २० किलो वजनाइतक्या जोराने दोर २५ सेंटिमीटर सरकला, तर जीपवरची ओढ सुमारे २०० किलोंची होते. (दोर तुटला तर झटक्याने उसळतो, तेव्हा हा प्रयोग मुलांनी करायचा नाही.)

जाता जाता एक प्रश्न वर्गासाठी. तसबीर टांगायला मागच्या दोन कड्यांमध्ये दोरा ओवायचा आहे. खिळा दिसू नये म्हणून दोरा आखूड घ्यावा, की दिसला तरी चालेल म्हणून लांब? उत्तर ताणकाट्यांना विचारावे.