घरी केलेले शुभेच्छापत्र

वसंत व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘घरी केलेले शुभेच्छापत्र’ असे सांगितले आणि ते माझ्याकडे पाहतच राहिले. ज्याची तीस वर्षे सेलूच्या हमालांत आणि जिनिंगच्या कामगारांत गेली त्याने किमान वेतनावर बोलावे, ही अपेक्षा वावगी नव्हे. पण कागद, खळ आणि रंग यांच्याशी आम्हा संघटनावाल्यांचा संबंध जुना आहे. रात्री भिंतीवर पत्रके डकवायची, सकाळी कोणीतरी ती फाडायची, रात्री पुन्हा डकवायची. खळ कशी शिजवावी हे मी या शाळेत शिकलो. दुसऱ्या शाळेत फार दिवस गेलो नाही.

एका जिनिंगमधला संप मिटला, तेव्हाची गोष्ट सांगतो. तडजोडीच्या कागदावर मी सही केली. गाठी वाहणारा माझा एक जुना सोबती त्या तडजोडीत कामाबाहेर राहिला. त्याने माझ्याशी बोलणे टाकले. पुढे दोन संक्रांतींना मी दुकानातले छापील कार्ड आणून त्याला पाठवले. उत्तर आले नाही. तिसऱ्या वर्षी तसेच कार्ड घेऊन घरी आलो, तेव्हा मुलगी म्हणाली, “अप्पा, यात तुमचं काय आहे? शब्द छापखान्याचे, चित्र छापखान्याचं. तुमची फक्त सही. आणि सहीचाच तर त्यांना राग आहे.”

छापील कार्डाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्याचा जन्मच मुळी वेळ नसलेल्या माणसाच्या सोयीसाठी झाला. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र कुठेही जाऊ लागले. त्या सुधारणेसाठी खटपट करणाऱ्यांत हेन्री कोल नावाचे एक गृहस्थ होते. पत्रांना उत्तरे लिहिणे जमेना म्हणून १८४३ साली त्यांनी हॉर्सले या चित्रकाराकडून नाताळचे एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या हजारभर प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग. म्हणजे ते मजुराच्या हाती पडण्याजोगे नव्हतेच. याच्या अगदी उलट गोष्ट १९४९ सालच्या युनिसेफच्या पहिल्या कार्डाची आहे. महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्याला मदत मिळाली, तिचे आभार मानण्यासाठी सात वर्षांच्या एका मुलीने चित्र काढले. कागद मिळेना, म्हणून तिने ते काचेवर काढले. तेच पुढे छापले गेले. साधनांवाचून अडून बसणाऱ्यांनी ही काच लक्षात ठेवावी.

आपल्याला तर कागदाचीही वाण नाही. आपण कापसाच्या मुलखात राहतो, आणि उत्तम कागद हा कापसाचाच कागद होय. आपल्या चलनी नोटेचा कागददेखील कापसाचा असतो, म्हणूनच ती इतक्या हातांतून फिरूनही टिकते. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवली, तेव्हा आलेल्या कागदी कारागिरांचे हे गाव, असे सांगतात. चिंध्या कुटून, त्यांचा लगदा पाण्यात कालवून, चाळणीवर उचलून तेथे कागद होत आला. पुण्यातही १९४० साली हातकागदाची संस्था उभी राहिली. हा कागद मिळाला तर उत्तम. न मिळाला तर लग्नपत्रिकेची कोरी बाजूही चालते. मी लग्नपत्रिका कधी टाकून देत नाही, यावरून घरात वाद आहेत.

आता घडीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण बहुतेकांचे कार्ड येथेच बिघडते. गिरणीच्या कागदात तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो त्याच बाजूने घडी घाला. आडवी घातली तर कडेला कागद चिरफाळतो. हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असल्याने ही अडचण फारशी येत नाही. जाड कागद असेल तर पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी एक रेघ दाबून ओढावी, मग दुमडावे.

खळ अशी करावी. एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा, चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरावे. भिंतीच्या खळीत आम्ही किडीसाठी मोरचूद घालत असू. ते विष आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या कामात ते घालू नये, चिमूटभर तुरटी पुरे. खळ पातळ लावावी आणि कार्ड रात्रभर वजनाखाली ठेवावे, नाहीतर ते आंबोळीसारखे फुगते. माझ्याकडे वजनाला कामगार कायद्यांचा जाड ग्रंथ आहे. त्याचा एवढा निर्विवाद उपयोग दुसरीकडे झालेला मला आठवत नाही.

चित्र येत नाही म्हणून कोणी मागे सरू नये. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल हाती येते. ती रंगात बुडवून कागदावर टेकवली की झाले. पिंपळाचे पान तीन-चार आठवडे पाण्यात भिजत ठेवून, अधूनमधून पाणी बदलून, मऊ ब्रशने घासले की नुसती जाळी उरते. हळदीचा रंग मात्र वापरू नका, उन्हात उडून जातो. हातकागदावर शाई फुटते, म्हणून आधी कोपऱ्यावर लिहून पाहावे.

खर्चाचे म्हणाल तर वहीच्या दुप्पट-तिप्पट जाडीचा अर्धा ताव दुमडून पाकिटात घातला, तरी वजन वीस ग्रॅमच्या आत राहते. वर हलव्याचे चार दाणे जातात. ते दाणे पातळ कागदात दाबून बसवावेत, नाहीतर शिक्का पडताना पाकीट फाटते. तेवढेही नको असेल तर पोस्टकार्ड आहेच. १८७९ साली ते पाव आण्याला निघाले आणि अजूनही पन्नास पैशांत मिळते.

सगळ्यात कठीण आतला मजकूर. ‘सुखसमृद्धीचे जावो’ हे शब्द कोणालाही चालतात, म्हणून ते कोणाचेच नसतात. ज्याला कार्ड पाठवायचे त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाला देता येणार नाही, असे एक तरी वाक्य लिहावे. मी त्या वर्षी गाठीच्या वेष्टनाचा कापडी तुकडा कार्डावर डकवला, त्यावर हमालाचा आकडा काढला आणि आत लिहिले: ‘सहीआधी तुला विचारायला हवे होते. विचारले नाही. तिळगूळ घे.’ या दोन ओळींना मला चार रात्री लागल्या. तडजोडीचा मसुदा एका रात्रीत झाला होता.

त्याला वाचता येत नाही. मुलाकडून त्याने ते दोनदा वाचून घेतले, एवढे मला वहिनींकडून बाजारात कळले. त्या वर्षी तो आला नाही. पुढच्या संक्रांतीला पोस्टकार्ड आले. मुलाच्या अक्षरात माझे नाव आणि पत्ता. मागे भेंडीची पाच तांबडी फुले आणि खाली त्याचा अंगठा. एक फूल फिसकटले होते. पोरांनी घाई केली असावी. तो रंग निदान दोन तास वाळू द्यावा लागतो.