घरचे दुखणे : उपाय घरात कुठवर, दवाखान्यात कधी?



लागण कोणत्या महिन्यात करावी, खोडव्याला खत किती द्यावे, पाचट जाळावे की कुजवावे, यावर आपल्या पत्रिकेत पुष्कळ छापून येते आणि आपण ते वाचतोही. पण ऊस लावणारा माणूसच आडवा पडला तर? तेव्हा आपण दुखणे अंगावर काढतो. "होईल बरं दोन दिसांत," म्हणतो. दोन दिवसांत आपोआप बरी होणारी दुखणी खरोखरच पुष्कळ असतात, म्हणून ही सवय मोडत नाही. अडचण एवढीच, की कोणते दुखणे घरात बरे होते, कोणते जन्मभर घरात सांभाळायचे असते आणि कोणते घरात ठेवले की घात होतो, याचा हिशेब आपल्याजवळ नसतो. मी डॉक्टर नाही. आरोग्य खात्यात फिरतीची नोकरी करून निवृत्त झालो, घरचा तीन एकर ऊस आहे. हदगाव तालुक्यातली वाडी-तांडे सायकलवर आणि पुढे फटफटीवर फिरताना जे पाहिले, तेवढ्यावरून लिहितो.

पहिली गोष्ट हगवणीची, कारण ती माझ्या घरातली आहे.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. विहिरीच्या तळाला गढूळ पाणी राहिले होते, तेच गाळून सगळे पीत. आमची धाकटी बहीण सव्वा वर्षाची. तिला ढाळ-वांत्या सुरू झाल्या. आजी म्हणाली, "पाणी देऊ नका लेकराला. जितकं पोटात जातंय तितकं बाहेर येतंय." आजीचे चुकले असे आज म्हणता येते, पण तेव्हा सगळ्या गावाची हीच समजूत होती. पोरगी पेल्याकडे हात करायची, म्हणून आईने पेला फडताळात नजरेआड ठेवला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. घरात मिठाचे मडके होते, गुळाची अर्धी ढेप होती. दोन्ही त्याच फडताळात.

याच्या बरोबर आदल्या वर्षी, १९७१ साली, बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करीत होते. शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मापाने पाण्यात कालवून पिंपे भरली आणि ते पाणी आजाऱ्यांना त्यांच्या नातेवाइकांच्या हातून पाजायला लावले. नर्स नाही, सुई नाही. शंभरातली तीसेक माणसे मरत होती, तिथे मरणारे चारांच्याही खाली आले. त्या काळच्या पुष्कळ मोठ्या डॉक्टरांचा यावर विश्वास बसला नव्हता. पुढे साऱ्या जगाने हा उपाय घेतला. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. आपल्याकडे ह्या पाण्याला जलसंजीवनी म्हणतात.

आता हे पाणी काम कसे करते ते समजून घ्या, म्हणजे माप का पाळायचे ते कळेल. हगवणीत आतडे पाणी धरून ठेवीत नाही. नुसते पाणी पाजले तर ते बरेचसे निघून जाते, इथवर आजीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण आतड्याच्या अस्तरात एक दार असे आहे, जिथून साखर आणि मीठ जोडीनेच आत घुसतात. ही बैलजोडी समजा, आणि पाणी म्हणजे गाडी. एकटा बैल जुंपून गाडी हलत नाही. जोडी जुंपली की पाणी तिच्यामागे रक्तात ओढले जाते. कॉलऱ्याच्या विषानेसुद्धा हे दार बंद पडत नाही. हगवण चालूच असते, पण जाणारे पाणी भरून निघते आणि माणूस वाचतो. म्हणजे आपण जी साखर पोत्यांनी काढतो ती इथे गोडीसाठी नाही, बैल म्हणून जुंपली आहे.

माप असे : उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, बोटाने वरचा ढीग पाडून. ऊसवाल्याच्या घरात साखर सढळ हाताने पडते, इथे हात आखडता घ्या. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी खेचते आणि हगवण वाढते. मीठ जास्त झाले तर ते लेकराच्या मेंदूला बाधते. चव घेऊन बघावी, आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. चमच्याचा भरवसा नसेल त्यांच्यासाठी बांगलादेशात १९८० पासून दहा वर्षे एका संस्थेच्या बाया घरोघर गेल्या आणि आयांना शिकवत राहिल्या : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. गूळ! आमच्या फडताळात होता तोच.

घरचे पाणी अडीअडचणीला. खरे चांगले ते पाकीट, कारण त्यात पोटॅशियम आणि सायट्रेटही असते. आशाताईंकडे, उपकेंद्रात ते फुकट मिळते. मात्र पाकिटावर एक लिटर लिहिले असेल तर सगळे पाकीट एक लिटरमध्येच टाकायचे. "थोडं थोडं करू" म्हणून चिमूटभर पूड पेल्यात टाकणारे मी शेकडो पाहिले. तसे केले की माप गेले. केलेले पाणी चोवीस तासांनी फेकून द्यावे. दुसरी सावधगिरी दुकानातली. काही वर्षे पुठ्ठ्याच्या डब्यांतली गोड पेये नावात ओआरएस ही अक्षरे घालून मेडिकलात विकली जात होती आणि त्यांत साखर भरमसाट होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाचे नसलेल्या पेयांना ती अक्षरे वापरायला बंदी केली. तरी घेताना पाकिटावरचे माप वाचून घ्या.

पाजायचे कसे? दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक पातळ जुलाबामागे पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्या माणसाने प्यावे तेवढे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचे दूध थांबवू नये. मऊ भात, वरण, केळे चालू ठेवावे. जोडीला जस्ताची गोळी चौदा दिवस, सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. जुलाब एकदम बांधून टाकणाऱ्या गोळ्या लेकरांना देऊ नयेत.

आणि घर कुठे संपते? लेकराचे डोळे खोल गेले, ते सुस्त पडले, पाणीही घेईना, घेतलेले सगळे ओकू लागले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळू बसते, पाच-सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त आहे, यातले एकही दिसले तर घर संपले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर पहिल्या जुलाबालाच दाखवावे. गाडीची वाट बघताना आणि वाटेतही, ते गिळत असेल तर चमचा थांबवू नये.

हे मी सभासदांना का सांगतो? तुमच्या फडात टोळी उतरते. तिची लेकरे पहाटे आईबरोबर फडात येतात, पाचटावर झोपतात आणि मिळेल ते पाणी पितात, पाटाचे म्हणा, खड्ड्यातले म्हणा. आपण टोळीला चहा देतो, शेवटच्या दिवशी जेवण देतो. झाकणाचे एक पिंप स्वच्छ पाणी आणि मुकादमाजवळ दहा पाकिटे, एवढे जमायला काय हरकत आहे? ऊसतोड बाई आपल्या गावची नसते. आशाताई कुठे राहते हे तिला ठाऊक नसते.

आता गोळ्यांकडे येतो. कंबर, गुडघे, मान दुखत नाहीत असा शेतकरी मला दाखवा. मेडिकलवर जाऊन "ती लाल गोळी द्या" म्हटले की मिळते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी दुखणे थांबते हे खरे. पण रोज उपाशीपोटी घेतल्या तर जठराला जखम होते, काळी शौच झाली तर आत रक्त जाते आहे समजावे. आणि मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो. वैशाखात दिवसभर उन्हात, पाणी कमी, वर ही गोळी, आणि आधीच बी.पी. किंवा साखर असलेला माणूस. यापेक्षा मूत्रपिंडाचा मोठा वैरी कुणी नाही. साध्या अंगदुखीला, तापाला पॅरासिटामॉल बरी : मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर. रोज दारू पिणाऱ्याने तीही विचारल्याशिवाय घेऊ नये. कमरेला शेक, दोन दिवस वजन न उचलणे आणि मग हळूहळू चालणे, याने बहुतेक कमरा सुटतात. पायात मुंग्या येऊन पाय लुळा वाटला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र शेकत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

साप आणि विंचू यांचा घरी उपाय नाही, म्हणून त्यावर थोडक्यात. बांधू नये, चिरू नये, चोखू नये, अवयव हलवू नये, १०८ ला फोन करून हदगाव किंवा नांदेड गाठावे. लाल विंचू चावून घाम सुटला, ओकारी आली, हातपाय गार पडले तर हृदयावर ताण आला आहे. यावर प्राझोसिनची गोळी प्राण वाचवते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले. ते मूळचे आपल्या मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

शेवटी माझे स्वतःचे दुखणे. साखर. उसाच्या बागायतदाराला साखरेचा आजार म्हटल्यावर लोक हसतात, मीही हसतो. २००९ साली उपाशीपोटी तपासली ती १६८ निघाली. १२६ किंवा त्याच्या वर दोनदा आली की हा आजार धरतात. पहिली दोन वर्षे मी मूर्खपणा केला. साखर उतरली की गोळी बंद, वाढली की चालू. मध्येच कुणी सांगितले म्हणून कारल्याचा रस. गोळीमुळेच साखर उतरली होती आणि मी तीच बंद करीत होतो, हे कळायला दोन वर्षे लागली. पाटाचे दार लावल्यावर पाणी थांबले म्हणून दारच काढून टाकण्यासारखे ते. आता तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी वेळेवर करतो. ती साधारण सातच्या खाली ठेवावी असे डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्यांना थोडी सूट देतात.

एकदा उलटेही झाले. रात्रीची लाईट होती. गोळी घेतली आणि "पाणी लावून येऊन जेवतो" म्हणून तसाच मळ्यात गेलो. दोन सऱ्या भरल्या असतील नसतील, दरदरून घाम, हात थरथरू लागले, डोके हलके झाले. साखर खाली गेली होती. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी बरे नाही वाटले तर पुन्हा, आणि मग जेवायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, घशात अडकते. तेव्हापासून माझ्या बंडीच्या खिशात खडीसाखरेची पुडी असते. बायको म्हणते, "डाक्टरला काय सांगावं आता?" डॉक्टरांनीच सांगितले आहे.

या आजारात पायाची जाणीव हळूहळू मरते. काटा मोडला तरी कळत नाही, शेकाच्या पाण्याने भाजले तरी कळत नाही. म्हणून पाणी कोपराने बघून घ्यावे, भोवरी ब्लेडने कापू नये, मळ्यात अनवाणी जाऊ नये, चप्पल घालण्याआधी झटकून घ्यावी, आणि रोज रात्री तळवे बघावेत. मला वाकून दिसत नाही, म्हणून हे काम नातीकडे आहे. ती बॅटरी लावते आणि बोटांच्या बेचक्यांतही बघते. गेल्या उन्हाळ्यात तिने टाचेवर बोट ठेवले. "आजोबा, हे काय हो?" तुरीच्या धसकटाचा तुकडा होता, चपलेचा तळ फोडून आत गेलेला. दिवसभर मी त्यावर चाललो होतो आणि मला काहीच दुखले नव्हते. रात्री स्वच्छ पाण्याने धुऊन फडके बांधले, सकाळी दवाखान्यात तो काढला, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. जखम भरायला पाच आठवडे लागले, पाय राहिला.