कात्सुरेनचा आमावारी खरंच गद्दार होता का?

२०१६ साली जपानच्या ओकिनावा बेटावरून एक चकित करणारी बातमी आली. तिथल्या कात्सुरेन या पडक्या किल्ल्यात चक्क रोमन नाणी सापडली होती, तीही तिसऱ्या-चौथ्या शतकातली! रोमची नाणी इतक्या दूर कशी पोहोचली? बहुधा व्यापाराच्या ओघात, हातोहाती.

समुद्रावर पोसलेला किल्ला

ओकिनावा पूर्वी रयूक्यू या स्वतंत्र राज्याचा भाग होतं. तिथे किल्ल्याला 'गुसुकू' म्हणतात. कात्सुरेन समुद्रात शिरलेल्या भूभागावर, सुमारे १०० मीटर उंच टेकडीवर आहे. चुनखडीची वळणदार तटबंदी अजून उभी आहे. उत्खननात मिळालेल्या चिनी मातीच्या भांड्यांवरून इथला सागरी व्यापार किती मोठा होता ते कळतं.

१४५८ मध्ये काय घडलं?

१४२९ मध्ये रयूक्यू एकसंध झालं आणि शुरी ही राजधानी ठरली. तरी कात्सुरेनचा सरदार आमावारी प्रबळच राहिला. राजा शो ताइक्यूने त्याला आपली मुलगी दिली. या दोघांच्या मधे, नाकागुसुकू किल्ल्यावर, राजाचा सासरा गोसामारू होता.

प्रचलित कथा अशी : गोसामारू बंडाच्या तयारीत असल्याचं आमावारीने राजाला सांगितलं आणि राजाचं सैन्य घेऊन तो चालून गेला. राजाविरुद्ध शस्त्र उचलायचं नाही म्हणून गोसामारूने स्वतःचा जीव दिला. मग आमावारीने शुरीवर डोळा ठेवला. पण त्याच्या बायकोने माहेर गाठून बापाला सावध केलं. राजाच्या फौजेने कात्सुरेन जिंकलं, आमावारी मारला गेला.

ही कथा कोणी लिहिली?

जिंकणाऱ्यांनी. दरबारी इतिहास लिहिले गेले ते सुमारे दोनशे वर्षांनी. तोवर गोसामारूचे वंशज शुरीत मानाचे सरदार झाले होते. १७१९ च्या एका दरबारी नाटकानेही आमावारीला खलनायक केलं. पण एकाच वर्षी दोन्ही बलाढ्य सरदार संपले, याचा फायदा राजालाच झाला. म्हणूनच काही अभ्यासक या कथेकडे संशयाने पाहतात.

'ओमोरो सोशी' या रयूक्यूच्या जुन्या गीतसंग्रहात मात्र आमावारीची स्तुती आहे. कात्सुरेनच्या वैभवाची तुलना तिथे जपानच्या कामाकुरा शहराशी केली आहे.

२००० साली या किल्ल्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याच वर्षी तिथल्या शाळकरी मुलांनी आमावारीवर नाटक बसवलं. त्यात तो गद्दार नाही, रयतेचा लाडका नायक आहे.